आधी गाडी, मग माणूस

घंटा वाजली की माझ्या अंगात काय शिरायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पाय गाडीच्या पायरीवर असायचे. बायको अजून टोमणे मारते. म्हणते, घरात दूध उतू चाललंय म्हणून हाक मारली तर तुम्ही बातमी पुरी वाचून उठता, आणि तिथे म्हणे वाऱ्यासारखे पळायचात. तिचं खरं आहे. पण दूध उतू जाताना कुणी घंटा वाजवत नाही, त्याला मी काय करू?

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या अग्निशमन दलात लागलो. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यात. झेंडू, शेवंती आणि बांधाकडेने थोडा भाजीपाला. आई भल्या सकाळी फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायची आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परतायची. फवारणीचा पंप पाठीवर घेऊनच मी मोठा झालो आणि त्या पंपाचा मला मनापासून कंटाळा होता. एकाच चालीने सरीतून जायचं, एकाच चालीने परत यायचं, मागे-पुढे कोणी बघायला नाही. मला बघणारी माणसं हवी होती, धावपळ हवी होती. ती पुढे पोटभर मिळाली.

आमच्या पाळीचे प्रमुख सटाण्याकडचे होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला ड्रायव्हरसुद्धा. बारीक अंगाचा माणूस, पण गलमिशा अशा झुपकेदार की आधी मिशा दिसायच्या आणि मग मामा. मिशांना दर रविवारी तेल लागायचं आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी कामाचं बोलायचं नाही. शहरात इतकी वर्षं काढून त्यांनी गावची अहिराणी बोली पार पुसून टाकली होती. आगीत मात्र त्यांच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लांबून नुसता धूर बघून ते सांगायचे, लाकूड आहे, रबर आहे, तेल आहे. वाकून, जवळजवळ लोळण घेऊन ते आत शिरायचे आणि मी त्यांचा पट्टा धरून त्यांच्या मागे. नळी धरणाऱ्याच्या मागे एक माणूस पट्टा धरून हवाच, नाहीतर पाण्याच्या जोराने तो मागे फेकला जातो. त्यांच्या मागचा तो माणूस मी होतो, आणि याची मला एवढी घमेंड होती की मळ्यातल्या शेजाऱ्यांना मी तेच तेच चार वेळा सांगायचो.

मामांचा एकच कायदा होता. आधी गाडी, मग माणूस. आगीवरून परत आलं की पहिल्यांदा गाडीची टाकी भरायची, ओल्या नळ्या केंद्राच्या मनोऱ्यावर वाळत टाकायच्या, कोरड्या नळ्या गुंडाळून जागेवर ठेवायच्या, डिझेल बघायचं. घंटा पुन्हा कधीही वाजू शकते आणि गाडी तयार नसेल तर आपण नुसते लाल रंगाचे बघे. हे सगळं होईपर्यंत कुणी हातसुद्धा धुवायचा नाही. चुकून कुणी नळाकडे वळला तर मामा म्हणायचे, "काय रे, लग्नाला निघालास का?" आणि तो बिचारा तसाच मागे फिरायचा.

पण पोटात कावळे ओरडत असायचे. त्यासाठी गूळ. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात गुळाची ढेप असायची. मामा ती पान्याच्या बुडाने फोडायचे, पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकायचे आणि मग डबा फिरायचा. गुळाने छातीतला धूर उतरतो यावर आमचा सगळ्यांचा विश्वास होता. काम करता करता, काळ्याकुट्ट हातांनी आम्ही तो चघळायचो. काजळी आणि गूळ यांची मिळून एक वेगळीच चव लागते. मला ती चक्क आवडायची. ती चव तोंडात आली की वाटायचं, आज आपण काहीतरी केलं.

गाडीत दोन श्वसनसंच होते. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडाला काचेचा मुखवटा. ते कपाटातल्या चांदीच्या ताटासारखे जपून ठेवलेले होते. नळकांडी परत भरून आणायची कटकट असायची हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. मामा म्हणायचे, "धूर हा वरून चालतो. ज्याला वाकता येतं त्याला मुखवटा लागत नाही." मग आम्ही काय, ओला टॉवेल तोंडाला बांधायचो, तोही आत गेल्यावर गळ्यात यायचा.

त्या दिवशी सकाळी आम्ही मिसळीवर तुटून पडलो होतो आणि घंटा झाली. सातपूरच्या पलीकडे गोदाम पेटलं होतं. त्र्यंबक रस्त्याने आमची गाडी अशी सुटली की काय सांगू. पितळी घंटा मी वाजवत होतो, एसटीवाले बाजूला होत होते, सायकलवरचे कामगार पाय टेकवून बघत होते, एका म्हातारबाबांनी तर आम्हाला हात जोडले. धुराचा खांब लांबूनच दिसत होता. एवढा मोठा धूर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

गोदामावर पाटी होती, ती जळून गेली होती. रखवालदार फाटकाबाहेर उभा होता. मामांनी विचारलं, "आत काय आहे?"

"माल हे साहेब."

"कसला माल?"

"शेतीचा हे. मला काय म्हायती, मी बाहेर असतो."

शेतीचा म्हणजे बारदान असेल, फार तर खत असेल, असं मामा म्हणाले आणि आम्हाला ते पटलं. संच काढू का, असं विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आम्ही टॉवेल भिजवले आणि शिरलो.

आत काय मजा होती. हो, मजाच म्हणतो मी, तेव्हाचा शब्द तोच आहे. डबे दिवाळीतल्या बॉम्बसारखे फुटत होते. ज्वाळेत मध्येच हिरवा, मध्येच निळा रंग उसळायचा. सिमेंटचे पत्रे तडतडून वरून तुकडे खाली येत होते आणि मामा पोटावर झोपून पाणी मारत होते, मी त्यांच्या पट्ट्याला लटकलेला. आमच्या पाण्याचा ओहोळ परत आमच्याकडे येत होता आणि तो पांढराशुभ्र होता, दुधासारखा. बूट त्याने भरले, कोट त्यात भिजले. मामा हसून म्हणाले, "बघ, दुधाने आंघोळ. राजाला पण मिळत नाही." नाक तर केव्हाच बंद पडलं होतं. पुढे एका क्षणाला ज्वाळेने मान टाकली. आग हरली की ती आवाज बदलते, फुंकर मारल्यासारखी सुस्कारते, आणि तो आवाज ऐकण्यासाठी मी काहीही सोडून आलो असतो. आम्ही बाहेर आलो तेव्हा आजूबाजूच्या कारखान्यांतल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी मळ्यात राहिलो असतो तर झेंडूने टाळ्या वाजवल्या नसत्या.

परत आल्यावर कायद्याप्रमाणे आधी गाडी. टाकी भरली, नळ्या टांगल्या, सगळे जोरात होते, प्रत्येकजण आपणच आग विझवली असं दुसऱ्याला सांगत होता. डबा निघाला. मामांनी ढेप फोडली, पहिला खडा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि डबा माझ्यापुढे धरला. मी हात घातला.

एवढ्यात फाटकातून आई आली. बाजार आटोपला की कधी कधी ती माझ्यासाठी डबा घेऊन यायची. पाटी डोक्यावर, पिशवी हातात. आमच्यापासून दहा-बारा हातांवर ती थबकली. नाक वर करून तिने वास घेतला आणि तिच्या हातातली पिशवी खाली गेली. मग ती जी धावली ती सरळ मामांवरच. तिने त्यांच्या हातातल्या डब्याला असा फटका मारला की गूळ सगळा अंगणात उडाला.

आमच्या केंद्रात मामांपुढे मोठ्याने कुणी शिंकत नसे.

"औषध मारून आलेत का सगळे?" आई म्हणाली. "आन् तसंच खायला बसले? हात बघा हात."

पिकावर मारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. मामांचा चेहरा लाल झाला होता, तरी त्यांनी तोल सोडला नाही. "ताई, आम्ही आग विझवून आलोय. फवारणी करून नाही."

"भाऊ, फवारताना टोपणभर घालते मी पाण्यात. तुमच्या तर सगळ्या अंगाला वास हे. तुम्ही काय डबेच्या डबे ओतून घेतले का?"

तेव्हा माझ्या नाकाचं दार उघडलं. लसणासारखा, कुबट, घशात बसणारा तो वास. लहानपणापासूनचा. पंपात औषध ओतलं की पाणी असंच दुधासारखं व्हायचं. आमच्या मळ्यात फवारणी झाली की विहिरीपाशीच कपडे उतरवायचे, दोनदा साबण लावायचा आणि मगच भाकरीला हात. आमच्या एका गड्याने न धुतलेल्या हाताने विडी ओढली होती, तो अर्धा दिवस आंब्याखाली लाळ गाळत कापत पडला होता. हे सगळं मला माहीत होतं. पण मळ्याचे नियम मळ्यात, असं समजून मी रोज फाटकातून आत यायचो. आग म्हणजे आग. तिचा आणि पंपाचा काय संबंध?

मामा काहीतरी बोलायला गेले आणि त्यांच्या तोंडातून लाळ आली. त्यांनी ती कोटाच्या बाहीने पुसली, पुन्हा आली. कपाळावर घामाचे थेंब उठले. दंडाचं मांस आपोआप उडायला लागलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं तर बाहुली मोहरीएवढी झालेली. विषाचं पाणी कातडीतून अंगात मुरलं होतं आणि वरून गुळाबरोबर पोटातही गेलं होतं.

"टाकी भरली का?" मामांनी विचारलं आणि खाली बसले.

भरली होती. गाडी तयार होती, त्यांच्याच कायद्यामुळे. आम्ही त्यांचा कोट, शर्ट ओढून काढला, नळीने त्यांना धुतलं, चादरीत गुंडाळलं आणि गाडीत घातलं. मी घंटेवर बसलो. गावात कुठे आग नव्हती, आणि मी घंटा अशी बडवत होतो की हात सोलून निघाला. लोक धूर शोधत आभाळाकडे बघत होते. मला प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आभाळात काय बघता, इथे बघा, आमचे मामा चाललेत.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, काय झालं ते दोन वाक्यांत ऐकलं आणि इंजेक्शनं सुरू केली. एक झालं, दुसरं झालं, मी मोजायचं सोडून दिलं. मधूनच त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काय नुसते बघताय? सगळ्यांनी आंघोळ करा. आत्ता. कपडे बाहेर टाका." मग आमची अख्खी पाळी दवाखान्याच्या मोरीत साबण लावून, रुग्णांचे आखूड लेंगे घालून व्हरांड्यात ओळीने बसली. दोघांना मळमळत होतं, माझं डोकं ठणकत होतं, त्यांनी आम्हालाही थांबवून घेतलं. येणारेजाणारे विचारत होते, कुठली वरात आहे ही.

संध्याकाळी मामांची लाळ थांबली, बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड लाल आणि कोरडं पडलं. औषधावरच्या औषधाने, म्हणजे त्या इंजेक्शनांनी, आता त्यांना भ्रम झाला. ते खाटेवर उठून बसले आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून गरजले, "आग तठे शे! तठे मारा पानी!" इतक्या वर्षांनी सटाणा परत आला होता. त्यांनी सलाइनची नळी ओढली, शेजारच्या प्लास्टरमधल्या पेशंटला गाडी मागे घ्यायला सांगितलं आणि सिस्टरना विचारलं की टाकी भरली का. गंमत म्हणजे आम्ही सगळे सवयीने "हो मामा" म्हणत ताठ उभे राहिलो. सिस्टर आमच्यावर ओरडल्या की त्यांना धरा.

हसू येत होतं. खरं सांगतो, आगीत मला कधी भीती वाटली नाही, त्या खाटेपाशी वाटली. हा माणूस गेला तर मी कुणाच्या मागे जाऊ? ते कुणालाच आवरेनात. शेवटी मी खाटेवर चढलो, त्यांच्या मागे बसलो आणि त्यांची कंबर धरली, पट्टा धरायचो तशी. म्हणालो, "मामा, मागे मी आहे." त्यांचं अंग एकदम सैल पडलं. थोडा वेळ ते भिंतीवर पाणी मारत राहिले, मग म्हणाले, "विझी गई," आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.

वाचले. काही दिवसांनी उठून बसायला लागले तेव्हा आई खिचडी घेऊन गेली. मामा तिला म्हणाले, "ताई, माझ्या हातातला डबा पाडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती."

आई खिचडी वाढत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. ह्याला मी लहान होता तवाच फवारताना तोंड बांधायला शिकवलं. तुमच्याकडं आला आन् त्यानं सोडलं. तुम्ही सोडलं म्हणून त्यानं सोडलं."

मामांनी खिचडी खाल्ली नाही.

ते परत आले तो दिवस आम्ही सणासारखा केला, पेढे आणले, गाडी पुसून लख्ख केली. मामांनी पेढा घेतला आणि नवा हुकूम काढला. आगीवरून आलं की फाटकातच एकमेकांवर पाणी मारायचं, अंगातल्या कोटासकट. मग गाडी. कुणीतरी खोडसाळपणे विचारलं, "म्हणजे मामा, कायदा बदलला? आधी माणूस?" मामा म्हणाले, "कायदा तोच आहे. माणूस पण गाडीचंच सामान आहे, ते धुऊन ठेवायचं." असा माणूस.

मग त्यांनी कपाटातून संच काढले आणि सराव सुरू केला. पण मुखवटा त्यांच्या चेहऱ्याला बसेना. गलमिशांतून हवा निसटायची. दोन दिवस त्यांनी पट्टे आवळून पाहिले, तेल लावून मिशा चापून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी ते आले ते ओठावरच्या पट्टीपुरत्या मिशा घेऊन. गालांवर उन्हात न गेलेली कातडी, पांढरीफटक. आम्हाला हसायला परवानगी आहे की नाही ते कळेना. ड्रायव्हर तेवढा हळूच म्हणाला, "मामा, वहिनींनी घरात घेतलं का?"

त्यानंतरची पहिली मोठी आग गाद्यांच्या कारखान्याची. फोम जळत होता, डांबरासारखा धूर खिडक्यांतून ओघळत होता. मामांनी संच चढवला, मी चढवला, त्यांनी माझा पट्टा तपासला, मी त्यांचा. आणि आत शिरलो. काय सांगू तुम्हाला. कानात आपलाच श्वास, घों-घों करणारा. आणि डोळे उघडे. एवढ्या वर्षांत आगीत मी कधी नीट डोळे उघडले नव्हते, नुसतं पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी चाचपडलो होतो. आता ती समोर दिसत होती, छताखालून सरपटणारी, कोपऱ्यात दबा धरणारी, मी ओरडत होतो आणि मुखवट्यात माझाच आवाज मला ऐकू येत होता. मामांनी तिला कोपऱ्यात गाठलं. आम्ही वाकलो नव्हतो, उभे होतो. मला वाटलं, अशा दहा आगी आज विझवाव्यात.

बाहेर आलो. कारखान्याच्या फाटकाशीच आमच्यावर पाणी मारलं गेलं. मामांनी मुखवटा काढला, चेहऱ्याभोवती काळी चौकट आणि आतला चेहरा स्वच्छ. ते हसत होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "च्यायला, हा तर पोरखेळ झाला." मग सवयीने बाजूला वळून थुंकले.

आगीवरून आलेला माणूस काळं थुंकतो. दोन दिवस, कधी चार दिवस. घरी उशीच्या अभ्र्यावर, रुमालावर, सगळीकडे ते काळं लागायचं. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, जे बाहेर पडलं ते गेलं असंच आम्ही धरून चालायचो. मामा वाकून मातीकडे बघत होते. थुंकी पांढरी होती. त्यांनी परत थुंकून पाहिलं. परत पांढरी.

त्यांचं हसू गेलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मग इतकी वर्षं किती आत राहिलं असेल रे?"